तीन दिवसांत मावणारी राजधानी

युरोपला जायचं ठरलं, की आपल्याकडे घरात पहिला प्रश्न निघतो तो ‘किती देश होतील?’ हा. बारा दिवसांत सात-आठ देशांचा हिशेब मांडला जातो. त्यात पॅरिस, रोम, व्हिएन्ना अशा महानगरांच्या वाट्याला दीड-दीड दिवस येतो. एवढ्या वेळात त्या शहरांपेक्षा तिथल्या रांगाच जास्त दिसतात. पण याच युरोपात काही राजधान्या अशा आहेत, की त्यांचा जुना गाभा तासाभरात पायी ओलांडता येतो. एस्टोनियाचं टालिन, माल्टाचं व्हॅलेटा, स्लोव्हाकियाचं ब्रातिस्लाव्हा, लक्झेंबर्ग आणि स्लोव्हेनियाचं ल्युब्लियाना ही त्यातली ठळक नावं. एखादा लांबलेला शनिवार-रविवार किंवा मोठ्या प्रवासातले मधले तीन-चार दिवस यांना द्यावेत, अशी ही शहरं आहेत.

लहान राजधानी म्हणजे लहान गाव नव्हे. एका राष्ट्राला लागणारं सगळं तिथं असतं: संसद, विद्यापीठ, राष्ट्रीय ग्रंथालय, ऑपेरा, चित्रसंग्रहालय, राष्ट्रकवीचा पुतळा. फक्त ते एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर असतं. म्हणून तीन दिवसांत एका देशाचं मन थोडंफार कळू शकतं. मात्र अशा सहलीचा बेत वेगळ्या रीतीने आखावा लागतो. मोठ्या शहरात आपण नकाशा पुढ्यात घेतो आणि कुठलं ठिकाण कुठल्या ठिकाणाजवळ आहे ते बघतो. लहान राजधानीत सगळंच जवळ असल्यामुळे नकाशाचं काम लवकर संपतं, आणि महत्त्व येतं ते वाराला, वेळेला आणि काय सोडून द्यायचं या निर्णयाला. ल्युब्लियानाच्या उदाहरणावरून हे नीट समजून घेता येईल.

शहराची थोडी ओळख

स्लोव्हेनिया हा २०,२७३ चौरस किलोमीटरचा, सुमारे एकवीस लाख वस्तीचा देश. इटली, ऑस्ट्रिया, हंगेरी आणि क्रोएशिया हे त्याचे शेजारी. २५ जून १९९१ रोजी तो युगोस्लाव्हियातून बाहेर पडून स्वतंत्र झाला, २००४ मध्ये युरोपीय संघात आला आणि १ जानेवारी २००७ पासून तिथं युरो चलन आहे. राजधानी ल्युब्लियानाची वस्ती तीन लाखांच्या आसपास. रोमन काळात इथं एमोना नावाची वसाहत होती. तिच्या तटबंदीचा काही भाग शहराच्या दक्षिण बाजूला आजही उभा आहे. पुढची कित्येक शतकं हे शहर हाब्सबुर्ग साम्राज्यातलं ‘लायबाख’ होतं. नेपोलियनच्या पाडावानंतर युरोपची घडी बसवायला निघालेले सम्राट आणि मुत्सद्दी १८२१ मध्ये इथंच जमले होते. त्या परिषदेची आठवण ‘काँग्रेस चौक’ या नावात टिकून आहे.

आजचं शहर मात्र दोन घटनांनी घडवलं. पहिली घटना म्हणजे एप्रिल १८९५ मधला, ईस्टरच्या रात्रीचा भूकंप. शहराची फार मोठी पडझड झाली. त्यानंतर महापौर इव्हान ह्रिबार यांच्या काळात व्हिएन्नाच्या वळणाची नवी घरं, रुंद रस्ते आणि नवे पूल उभे राहिले. चार हिरव्या ड्रॅगनांमुळे प्रसिद्ध असलेला ड्रॅगन पूल १९०१ चा आहे. दगडी पूल परवडणारा नव्हता म्हणून तो काँक्रीटमध्ये बांधला, आणि त्यामुळेच युरोपातल्या सुरुवातीच्या पोलादी-काँक्रीट पुलांमध्ये त्याची गणना झाली. दुसरी घटना म्हणजे १९२१ मध्ये योझे प्लेचनिक हा वास्तुरचनाकार आपल्या जन्मगावी परत आला. या माणसाकडे आपण पुढे सविस्तर येऊ, कारण तीन दिवसांच्या या बेताचा धागा तोच आहे.

जायचं कसं, व्हिसा कसा

भारतातून ल्युब्लियानाला थेट विमान नाही. इस्तंबूल, फ्रँकफर्ट, झ्युरिक अशा ठिकाणी विमान बदलावं लागतं. विमानतळ शहराच्या उत्तरेला पंचवीसेक किलोमीटरवर ब्रनिक इथं आहे. पण तीन दिवसांसाठी मुंबईहून कोणी तेवढ्याचसाठी जात नाही. बहुतेकांच्या बाबतीत हे शहर वाटेवर येतं. व्हेनिसहून बसने तीन-चार तास, झाग्रेबहून दोन-अडीच तास. म्यूनिक आणि व्हिएन्नाहून रेल्वेने साधारण सहा तास लागतात. व्हिएन्नाची गाडी सेमरिंगच्या घाटातून येते. व्हिएन्ना ते त्रिएस्त हा रेल्वेमार्ग टप्प्याटप्प्याने बांधला जात असताना १८४९ मध्ये ल्युब्लियानाला पोहोचला होता, आणि त्या मार्गाने अजूनही प्रवास होतो. दिवसाउजेडी जाणारी गाडी निवडली तर हा प्रवासही सहलीचाच भाग होतो.

जर्मनीत नोकरीला असलेल्या मुला-मुलींकडे दोन-तीन महिने राहायला जाणारे मराठी आई-वडील आता पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी तर ही सहल सोपी आहे. स्लोव्हेनिया शेंगेन क्षेत्रात आहे, त्यामुळे जर्मनीने दिलेल्या नेहमीच्या शेंगेन व्हिसावर इथं जाता येतं. मुलांकडे जर्मनीचा निवास परवाना असेल, तर त्यांनाही वेगळा व्हिसा लागत नाही.

भारतातून नव्याने अर्ज करणाऱ्यांनी एक नियम पक्का लक्षात ठेवावा: ज्या देशात सर्वाधिक रात्री काढणार, त्या देशाकडे अर्ज करायचा. रात्री सारख्याच असतील, तर ज्या देशात आधी पाऊल ठेवणार त्याच्याकडे. इटलीत सहा रात्री आणि ल्युब्लियानात तीन रात्री असा बेत असेल, तर अर्ज इटलीकडे जाईल. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे, सहा ते बारा वर्षांखालच्या मुलांसाठी ४५ युरो. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय प्रवास विमा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. पण उन्हाळ्याच्या तोंडावर अर्ज देण्यासाठीची वेळ मिळणंच अवघड होतं, म्हणून निदान अडीच-तीन महिने हाताशी ठेवावेत. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेऊन प्रवेशाची नोंद करण्याची पद्धत सुरू झाली आहे. त्यामुळे विमान बदलताना मधे दीड तासाचा अवधी धरला असेल, तर तो वाढवावा.

आणखी एक गोष्ट. शेंगेनमध्ये अंतर्गत सीमा खुल्या असतात असं आपण वाचलेलं असतं, पण गेल्या काही वर्षांत इटली आणि ऑस्ट्रियाने स्लोव्हेनियाच्या बाजूला, तर स्लोव्हेनियाने क्रोएशिया आणि हंगेरीच्या बाजूला तपासणी पुन्हा सुरू केली आहे. बस किंवा रेल्वेत पोलीस चढतात. पासपोर्ट मोठ्या बॅगेत तळाशी न ठेवता हाताशी असावा.

आधी वार ठरवा

या शहरात आठवड्याचा प्रत्येक वार वेगळा असतो, आणि तारखा ठरवताना तेच सगळ्यात आधी पाहायला हवं.

शुक्रवारी, मार्चच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत आणि पाऊस नसेल तर, मध्यवर्ती बाजाराजवळच्या पोगाचार चौकात ‘ओद्प्र्ता कुह्ना’ म्हणजे खुलं स्वयंपाकघर भरतं. देशभरातली उपाहारगृहं तिथं ठेले मांडतात आणि समोर रांधून देतात. शनिवारी सकाळी मध्यवर्ती बाजार ऐन भरात असतो. रविवारी हा बाजार बंद. शिवाय २०२० च्या कायद्याने स्लोव्हेनियात रविवारी बहुतेक दुकानंही बंद असतात; पेट्रोल पंप, स्थानकं अशा जागांची छोटी दुकानं तेवढी उघडी राहतात. मात्र रविवारी सकाळी नदीकाठी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो: युगोस्लाव्ह काळातली पदकं, पोस्टकार्डं, तांब्याची भांडी, घड्याळं. आणि सोमवारी बहुतेक संग्रहालयं बंद असतात.

हे चार वार समोर ठेवले की बेत जवळजवळ आपोआप बसतो. शुक्रवारी दुपारपर्यंत पोहोचावं आणि सोमवारी संध्याकाळी निघावं. शुक्रवारी चौक आणि खाणं, शनिवारी बाजार, ग्रंथालय आणि संग्रहालय, रविवारी नदीकाठ आणि किल्ला, आणि संग्रहालयं बंद असलेल्या सोमवारी शहराबाहेर. हेच तीन दिवस रविवार ते मंगळवार घेतले, तर पहिल्या दिवशी दुकानं बंद, दुसऱ्या दिवशी संग्रहालयं बंद, आणि तिसऱ्या दिवशी निघायची घाई.

वर्षातला एक दिवसही लक्षात ठेवण्याजोगा आहे. ८ फेब्रुवारी ही फ्रान्स प्रेशेरेन या कवीची पुण्यतिथी. तिथं ती राष्ट्रीय सुट्टी असते आणि त्या दिवशी अनेक संग्रहालयांत प्रवेश मोफत असतो. कवीच्या मृत्युदिनी अख्ख्या देशाला सुट्टी देणारा हा समाज आहे, आणि त्यांचं राष्ट्रगीतही प्रेशेरेनच्याच एका कवितेतलं कडवं आहे. थंडी सोसायची तयारी असेल, तर हिवाळ्यातल्या सहलीला यापेक्षा चांगलं निमित्त नाही.

ऋतूंचं म्हणाल, तर मे, जून आणि सप्टेंबर उत्तम. ल्युब्लियानात वर्षाला चौदाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे पुणे शहराच्या जवळपास दुप्पट. पण तो आपल्यासारखा चार महिन्यांत न कोसळता बारा महिन्यांत विभागलेला असतो. त्यामुळे कोणत्याही महिन्यात छत्री आणि पाणी न शिरणारे बूट हवेतच. शहर खोलगट भागात, दलदलीच्या कडेला वसलेलं असल्यामुळे शरद ऋतूत सकाळी दाट धुकं पडतं आणि कधी कधी दुपारपर्यंत हटत नाही. अशा दिवशी सकाळ संग्रहालयाला द्यावी आणि किल्ला दुपारनंतर चढावा.

राहायचं कुठं, फिरायचं कसं

जुन्या गावाचा गाभा २००७ पासून टप्प्याटप्प्याने मोटारींना बंद करण्यात आला. २०१६ मध्ये ल्युब्लियानाला ‘युरोपची हरित राजधानी’ हा मान मिळाला, त्यामागे हा निर्णय मोठा होता. पर्यटकासाठी याचा सरळ अर्थ असा, की भाड्याची मोटार इथं उपयोगाची नाही. उलट ती लावायची कुठं ही विवंचना मागे लागते. ज्येष्ठांसाठी महापालिकेच्या छोट्या, विजेवर चालणाऱ्या ‘कवालीर’ नावाच्या गाड्या गाभ्यात फिरतात. हात दाखवला की थांबतात, पैसे घेत नाहीत. गुडघेदुखी असलेल्या आई-वडिलांना घेऊन जाताना ही सोय फार मोलाची ठरते. शहर बसमध्ये रोख पैसे चालत नाहीत, त्यासाठी ‘उर्बाना’ कार्ड मिळतं.

मुक्काम प्रेशेरेन चौकापासून पायी पंधरा मिनिटांच्या आत असावा, एवढं पुरे. रेल्वे स्थानक चौकापासून दहा-बारा मिनिटांवर आहे. अगदी जुन्या गल्लीत खोली घेतली, तर उन्हाळ्यात नदीकाठच्या कॅफेंचा गलबला रात्री उशिरापर्यंत ऐकू येतो. शांतता हवी असेल तर नदीच्या वरच्या अंगाला असलेली त्र्नोवो ही वस्ती पाहावी. तरुण मंडळींना मेतेल्कोवा भागातलं ‘सेलित्सा’ हे हॉस्टेल आवडेल. तो युगोस्लाव्ह सैन्याचा तुरुंग होता. २००३ मध्ये त्याच्या कोठड्यांच्या खोल्या झाल्या. शेजारच्या सोडून दिलेल्या बराकी १९९३ मध्ये कलावंतांनी ताब्यात घेतल्या आणि तिथं आजही संगीत, चित्रं आणि छोटे कार्यक्रम चालू असतात.

एका माणसाच्या हाताने सजलेलं शहर

तीन दिवसांच्या सहलीला एक धागा हवा. ‘पाहण्यासारखी पंधरा ठिकाणं’ ही यादी धरून फिरलं, की तिसऱ्या दिवशी चर्च आणि चौक एकमेकांत मिसळून जातात. ल्युब्लियानात हा धागा शोधावा लागत नाही. योझे प्लेचनिक (१८७२–१९५७) व्हिएन्नात ओट्टो वाग्नर यांच्या हाताखाली शिकला. पुढे चेकोस्लोव्हाकियाचे अध्यक्ष मासारिक यांनी प्रागचा किल्ला नव्या प्रजासत्ताकाला शोभेसा करण्याचं काम त्याच्याकडे सोपवलं. अशा कीर्तीचा माणूस गावी परत आला आणि हयातभर इथल्या पुलांना, घाटांना, बाजाराला, ग्रंथालयाला हात लावत राहिला. पैसा बेताचाच होता. संगमरवरी थाटाऐवजी काँक्रीट, कृत्रिम दगड, पडक्या वाड्यांचे तुकडे हे त्याचं साहित्य. तरीही शहराला जी प्रतिष्ठा आली, तिची दखल २०२१ मध्ये युनेस्कोने घेतली आणि त्याची इथली कामं जागतिक वारसा यादीत गेली.

सुरुवात प्रेशेरेन चौकातल्या तिहेरी पुलापासून करावी. इथं १८४२ चा एक दगडी पूल होता आणि वाहतूक वाढल्यावर तो अपुरा पडू लागला. पाडून रुंद पूल बांधणं हा सरधोपट उपाय होता. प्लेचनिकने जुना पूल तसाच ठेवला आणि त्याच्या दोन्ही अंगांना, किंचित तिरके, पादचाऱ्यांसाठी दोन पूल जोडले. १९३२ मध्ये काम पुरं झालं. पुलावर उभं राहून पाहिलं की कळतं, चौकाकडून जुन्या गावाच्या तोंडाशी आता तीन वाटा जातात. बाजूच्या पुलांवरून खाली पाण्याजवळ जायला जिने आहेत. वरची वर्दळ सोडून माणसाने दोन मिनिटं नदीशी बसावं, ही सोय त्याने पुलातच करून ठेवली.

पुलाला लागून नदीच्या कडेने बाजाराची लांब, खांबांची ओळ सुरू होते. तीही त्याचीच. आत मांस, पाव, चीज आणि खाली मासळी. बाहेर उघड्यावर भाजीवाले. शरद ऋतूत इथं रानातल्या अळंब्यांचे ढीग, भोपळ्याच्या बियांचं गडद हिरवं तेल आणि पिंपांतला आंबवलेला कोबी दिसतो.

तिसरी जागा राष्ट्रीय आणि विद्यापीठ ग्रंथालय, आणि इथं घाई करू नये. १९३६ ते १९४१ या काळात ही इमारत उभी राहिली. बाहेरून पाहिलं तर विटांच्या लाल भिंतीतून राखाडी दगडांचे ओबडधोबड तुकडे पुढे आलेले दिसतात. भूकंपात मोडलेला सरदारांचा वाडा याच जागेवर होता. त्याचे आणि रोमन एमोनाचे दगड या भिंतीत बसवले आहेत. दाराची मूठ घोड्याच्या मस्तकाच्या आकाराची आहे. दार लोटून आत गेलं की समोर जिना येतो, आणि तो चक्क अंधारा आहे. काळ्या-करड्या चुनखडी दगडाचे बत्तीस खांब दोन्ही बाजूंनी वर चढत जातात. प्रकाश असतो तो फक्त वरच्या टोकाला. पायरी-पायरीने उजेड वाढतो आणि शेवटी दोन्ही बाजूंना उंच खिडक्या असलेला भव्य वाचनकक्ष लागतो. अज्ञानातून ज्ञानाकडे, हा विचार भाषणात हजारदा ऐकलेला असतो. इथं तो पायांना कळतो. जानेवारी १९४४ मध्ये एक जर्मन टपाल विमान याच वाचनकक्षावर कोसळलं आणि हजारो पुस्तकं जळाली. कक्ष पुन्हा उभा केला गेला. तिथं आजही विद्यार्थी अभ्यास करतात, म्हणून पर्यटकांना तो ठरावीक वेळीच पाहता येतो. ती वेळ आधी पाहून त्याभोवती शनिवार आखावा.

त्र्नोवोमधलं प्लेचनिकचं घरही आता संग्रहालय आहे. तिथं मार्गदर्शकासोबत लहान गटानेच जाता येतं, म्हणून जागा आधी राखून ठेवावी. त्याचं टेबल, पेन्सिली, अर्धवट नमुने जसेच्या तसे आहेत. परतताना त्याने बांधलेल्या त्र्नोवो घाटावरून यावं. पाण्यापर्यंत उतरणाऱ्या रुंद पायऱ्या, वर विलोची झाडं, आणि संध्याकाळी पुस्तक घेऊन बसलेली मुलं.

चाक आणि तार

दोन गोष्टी पर्यटकांच्या यादीत सहसा नसतात, पण त्या चुकवू नयेत.

पहिली शहर संग्रहालयात आहे. ल्युब्लियानाच्या दक्षिणेला पसरलेल्या दलदलीत हजारो वर्षांपूर्वी लोक खांबांवर घरं बांधून राहत होते. २००२ मध्ये तिथल्या चिखलात लाकडी चाक आणि त्याचा आस सापडला. वय सुमारे ५,२०० वर्षं. आसासह सापडलेल्या लाकडी चाकांमध्ये जगातलं हे सर्वांत जुन्यांपैकी एक. चिखलात हवा पोहोचत नाही, म्हणून लाकूड कुजलं नाही. काचेजवळ जाऊन नीट पाहा: चाक ॲश झाडाच्या फळ्या जोडून केलेलं आहे, आस ओकचा, आणि मधलं भोक गोल नसून चौकोनी आहे. आपल्या बैलगाडीत आस स्थिर असतो आणि चाक त्याच्याभोवती फिरतं; इथं चौकोनी भोकामुळे आस चाकाबरोबरच फिरत असे. फळ्या तडकू नयेत म्हणून त्यांना आडवे ओकचे पट्टे ठोकले आहेत. पाच हजार वर्षांपूर्वीच्या सुताराची विचारपद्धती त्या जोडकामात वाचता येते.

दुसरी गोष्ट शहराभोवती आहे. दुसऱ्या महायुद्धात इटलीने ल्युब्लियाना ताब्यात घेतलं. प्रतिकार चळवळीचा आसपासच्या खेड्यांशी संबंध तोडण्यासाठी फेब्रुवारी १९४२ मध्ये अख्ख्या शहराला काटेरी तारेचं कुंपण घालण्यात आलं. पुढे जर्मनांनीही ते ठेवलं. मे १९४५ पर्यंत, तीन वर्षांहून अधिक काळ, एक राजधानी तारेच्या आत कोंडलेली होती. युद्धानंतर त्या तारेच्या रेषेवर झाडं लावून पायवाट केली गेली. चौतीसेक किलोमीटरची ही वाट आज पळणारी, सायकल चालवणारी, बाळाची गाडी ढकलणारी माणसं वापरतात. तीन दिवसांत ती पूर्ण करायची गरज नाही. रविवारी सकाळी तासभर तिच्यावरून चाललं तरी पुरे.

संध्याकाळी किल्ला. रेल्वेसारखा वर चढणारा डबा २००६ पासून आहे, पण जुन्या गावातून जाणारी पायवाटही पंधरा मिनिटांचीच. ह्रिबार महापौर असताना, १९०५ मध्ये, शहराने हा किल्ला विकत घेतला आणि तेव्हापासून तो नगरवासीयांचा आहे. हवा स्वच्छ असेल तर उत्तरेला कामनिकचे आल्प्स दिसतात.

एकच बाहेरगाव

ल्युब्लियानाहून काय काय ‘होतं’, याचा मोह मोठा असतो. ब्लेडचं तळं, पोस्तोयनाच्या गुहा, श्कोत्स्यानच्या गुहा, समुद्रकाठचं पिरान. तीन दिवसांत यातलं एकच घ्यावं.

ब्लेड वायव्येला पंचावन्न किलोमीटरवर आहे. तळ्याच्या मधोमध बेट, बेटावर चर्च, चर्चकडे चढणाऱ्या ९९ पायऱ्या, कड्यावर किल्ला. तळ्याभोवतीची सहा किलोमीटरची वाट सपाट आहे, ज्येष्ठांनाही जमते. विमानतळही याच दिशेला आहे, त्यामुळे सोमवारी संध्याकाळचं विमान असेल तर सामान घेऊन सकाळी ब्लेड, आणि तिथूनच परस्पर विमानतळ असा बेत जमतो.

लहान मुलं किंवा पावसाळी हवा असेल, तर पोस्तोयना बरी. ही गुहा नैऋत्येला पन्नासेक किलोमीटरवर आहे. चोवीस किलोमीटर लांबीच्या या गुहेत १८७२ पासून रूळ आहेत आणि छोट्या गाडीने आत नेतात. आत बारमाही दहा अंशांच्या आसपास तापमान असतं, म्हणून जुलैतही स्वेटर न्यावा. इथल्या अंधारात ‘प्रोटियस’ हा फिकट गुलाबी, दृष्टी नसलेला, गुहेतल्या पाण्यात राहणारा उभयचर प्राणी राहतो. तो खाण्याशिवाय वर्षानुवर्षं तग धरू शकतो. आणि गुहेला ऊन-पाऊस सारखाच, त्यामुळे हवामान बिघडलं तरी दिवस वाया जात नाही.

शाकाहारी माणसाचं काय?

उपाशी राहावं लागत नाही, पण विचारून खावं. ‘श्त्रुक्ली’ हा इथला खास पदार्थ. पातळ लाटलेल्या पिठात पनीरसारखं चीज, अक्रोड किंवा सुगंधी पाला भरून, गुंडाळून उकडतात. तिखट-मिठाचे आणि गोड असे दोन्ही मिळतात. अळंब्यांचं सूप बहुतेक ठिकाणी असतं. बकव्हीट, म्हणजे उत्तरेत उपवासाला चालणारा कुट्टू, इथं रोजच्या जेवणात आहे. त्याचे ‘झगान्त्सी’ चवीला छान, पण वर बऱ्याचदा डुकराच्या चरबीचे तुकडे घालतात. आंबवलेल्या कोबीच्या ‘योता’ या आमटीतही मांस असू शकतं. ‘ब्रेझ मेसा?’ म्हणजे ‘मांस नाही ना?’ एवढे दोन शब्द पाठ असले की काम होतं. गोडात अक्रोडाची ‘पोतित्सा’ आणि ब्लेडची क्रीमची वडी, ‘क्रेमश्निता’. पाणी विकत घेऊ नये. नळाचं पाणी उत्तम आहे, आणि २०१६ मध्ये पिण्याच्या पाण्याचा हक्क या देशाने राज्यघटनेत लिहिला आहे.

बाकीच्या राजधान्यांसाठी

इथं वापरलेली रीत दुसरीकडेही लागू पडते. आधी कुठल्या वारी काय बंद असतं ते पाहा. मग शहर समजून घ्यायचा एक धागा निवडा. टालिनमध्ये तो मध्ययुगीन तटबंदी आणि व्यापाऱ्यांची घरं हा असेल. व्हॅलेटामध्ये १५६६ मध्ये पायाभरणी झालेलं, तटांनी वेढलेलं शूर सरदारांचं बंदर. मग बाहेरगाव एकच ठेवा. ब्रातिस्लाव्हा व्हिएन्नापासून साठेक किलोमीटरवर आहे, म्हणून लोक ते अर्ध्या दिवसात उरकतात. ते उलट करून ब्रातिस्लाव्हाला मुक्काम ठेवला तर शहर संध्याकाळी भेटतं. लक्झेंबर्गमध्ये २०२० पासून देशभर बस, ट्राम आणि रेल्वेचा दुसरा वर्ग मोफत आहे, तेव्हा तिथं मुक्काम थोडा बाहेर असला तरी बिघडत नाही. आणि शेवटी, यादीतली दोन नावं स्वतःच्या हाताने खोडा.

कारण लहान राजधानीचं खरं सुख पुनरावृत्तीत आहे. तोच पूल सकाळी भाजीच्या पिशव्यांसोबत, दुपारी शाळकरी मुलांसोबत आणि रात्री गाण्यासोबत ओलांडता येतो. दुसऱ्या दिवशी बेकरीवाली ओळखीचं हसते, तिसऱ्या दिवशी नकाशा खिशातच राहतो. महानगरात एवढी ओळख व्हायला महिना जातो. इथं ती तीन दिवसांत होते, पण ते तीन दिवस त्याच शहराला द्यावे लागतात. पुढच्या युरोपवारीत दोन देश कमी करा आणि कॅलेंडरमध्ये एक मोकळा शुक्रवार शोधा. बेताची सुरुवात तिथूनच होते.